ज्याचं पत्र त्याच्या हातात

छत्तीस वर्षं मी टपाल वाटलं. त्या छत्तीस वर्षांत दुसऱ्याचं पाकीट कधी उघडलं नाही, उजेडाला धरून पाहिलं नाही, इतकंच काय, पोस्टकार्डावरचा मजकूरसुद्धा वाचला नाही. सॉर्टिंगच्या खोलीतले काही जण तो चवीने वाचायचे आणि चहाच्या वेळी कुणाचं लग्न मोडलं, कुणाची नोकरी गेली ते सांगत बसायचे. तेव्हा मी उठून बाहेर जायचो. त्यामुळे तिथे मी कुणाचा फारसा लाडका नव्हतो. पण माझ्या बीटवरचे लोक मला 'साडेदहा' म्हणायचे, कारण पहिल्या गल्लीच्या तोंडाशी मी साडेदहाला दिसायचो म्हणजे दिसायचोच. या नावाचा मला अजून अभिमान आहे. कुणाला हसायचं असेल तर त्याने खुशाल हसावं.

हाच नियम घरात. जेवणाच्या टेबलाची डावी कड माझी, उजवी बायकोची. तिचं पत्र आलं की ते उजव्या कडेला ठेवायचं आणि विसरून जायचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिच्या बहिणीचं पत्र आलं होतं. ती पिठात हात घालून बसली होती, म्हणाली, "उघडा ना, वाचून दाखवा. त्यात काय गुपित असणार आहे?" मी उघडलं तर नाहीच, वर ज्याचं पत्र त्याच्या हातात, यावर चांगलं पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. तिने ऐकून घेतलं, हात धुतले आणि पत्र स्वतः उघडलं. त्यानंतर तिने मला तसं कधी सांगितलं नाही. तिला पटलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

तर त्या दिवशी महिन्याची एकोणतीस तारीख होती. माझ्या जागी आलेली पोस्टवाली बाई सव्वाअकराला आली. सव्वाअकराला. मी काही बोलत नाही. बायकोच्या नावाचं रजिस्टर पत्र होतं, म्हणून मी तिला हाक मारली. ती ओले हात पुसत दाराशी आली. पोस्टवालीने सहीची पावती पुढे केली, तशी बायको हळूच म्हणाली, "अंगठा ठेवून द्या जरा."

पोस्टवालीने तिचा डावा अंगठा धरून रेघेच्या सुरुवातीला टेकवला. बायकोने अंगठ्याच्या कडेला पेन लावलं आणि तिथून झोकात सही केली.

मी बघतच राहिलो. ही युक्ती बीटवरच्या निदान वीस म्हाताऱ्या माणसांना मी स्वतः शिकवली होती. ज्याला रेघ दिसत नाही, त्याला अंगठा बरोबर रेघेवर नेतो. त्यातल्या कितीतरी जणांच्या घरी कुणाला पत्ता नसायचा की यांना दिसत नाही. मला असायचा. रोज दारात सही मागणाऱ्यापासून ते लपत नाही. आणि इथे माझ्याच दारात, माझीच बायको, अगदी सराईतपणे अंगठा पुढे करत होती.

"असं किती वेळा झालंय?" मी पोस्टवालीला विचारलं.

"ते काकूंना विचारा ना, काका," असं म्हणून तिने झोळी सावरली आणि ती पुढच्या घराकडे गेली. तिचं बरोबरच होतं. मीही हेच उत्तर दिलं असतं, म्हणून तर राग जास्त आला.

दार लावलं. पत्र सवयीने टेबलाच्या उजव्या कडेला ठेवलं आणि तिच्याकडे वळलो. "तुला दिसत नाही?"

"दिसतं की."

मी हात वर केला. "काय आहे?"

"हात आहे."

"हातात काय आहे?"

तिने डोळे बारीक केले. माझ्या हातात काहीच नव्हतं.

"परीक्षा कसल्या घेता हो," ती खुर्चीवर बसत म्हणाली. "कमी दिसतं. सगळं दुधातून पाहिल्यासारखं. दीड वर्ष होईल आता."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मला भीती वाटली की मी आवाज चढवतो. हा माझा दोष घरात सर्वांना ठाऊक आहे. मी बराच वेळ आवाज चढवला. ती शांतपणे ऐकत होती, आणि मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाली, "माझ्या आईचे डोळे गेले तेव्हा काय झालं, आठवतं ना? आधी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. मग गॅसपाशी जाऊ देईनात. मग किल्ल्या गेल्या. शेवटी खिडकीपाशी खुर्ची टाकून तिला बसवून ठेवलं. सगळ्यांनी प्रेमानेच केलं हो. अकरा वर्षं बसली ती त्या खुर्चीत. मला नाही बसायचं."

आता मला एकेक आठवायला लागलं. गेल्या वर्षभरात प्रत्येक कप ठरलेल्या खुंटीलाच लागत होता, मिठाच्या डब्याला रबर आणि साखरेच्या डब्याला दोन रबर आले होते, वर्तमानपत्राऐवजी रेडिओ लागत होता. मी मनात म्हणत होतो, वयाने बाई टापटीप झाली. गावभरच्या म्हाताऱ्यांची नजर ओळखणारा मी, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुपारी तिला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई आमच्या लेकीपेक्षाही लहान दिसत होत्या, पण काम नीट करत होत्या. त्यांनी थेंब घातले, यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली, आणि मग माझ्याशी न बोलता थेट बायकोशी बोलल्या. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डावा थांबेल. उजवा फार पिकलाय आणि आतला दाब वाढायला लागलाय. महिन्याभरात काढला तर छान दिसेल. वर्षभर राहिला तर मी शब्द देऊ शकणार नाही, कारण दाबाने गेलेली नजर परत येत नाही. पुढच्या नऊ तारखेला जागा आहे. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी."

"लिहा नऊ तारीख," बायको म्हणाली. मला वाटलं होतं ती घाबरेल. तिने पर्सही उचलली होती.

मी बाहेरच्या काउंटरवर गेलो आणि ऐटीत माझं विम्याचं कार्ड पुढे केलं. पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा. तिथल्या बाईने ते उलटसुलट करून पाहिलं. "हे काकांचं झालं. काकूंचं?"

"एकच आहे. आमचं दोघांचं."

"असं नसतं काका."

"असं कसं नसतं? छत्तीस वर्षं असंच होतं." आणि होतंच. टपालखात्याचं कार्ड एकच असायचं, त्यावर छापलेलं असायचं, 'कर्मचारी व कुटुंब'. मला पासष्ट पूर्ण झाली तेव्हा निवृत्तीच्या कागदांबरोबरच हेडक्लार्कने दोन-तीन सह्या घेतल्या आणि हे नवं कार्ड घरी आलं. जुनं गेलं, नवं आलं, एवढंच मी समजलो. बायकोलाही तेच सांगितलं: कार्ड आहे आपलं, तू कशाला डोकं चालवतेस.

"नोकरीतला विमा कुटुंबाचा असतो," काउंटरवरची बाई म्हणाली. "हा माणशी असतो. नवऱ्याचा बायकोला चालत नाही, बायकोचा नवऱ्याला चालत नाही. ज्याची त्याने नोंदणी करायची. काकूंना पासष्ट कधी झाली?"

"तीन महिने झाले," बायको मागून म्हणाली.

बाईची टाइप करणारी बोटं थांबली. "मग पत्रं आली असतील ना तुम्हाला. ते लोक खूप पत्रं पाठवतात."

सकाळचं रजिस्टर पत्र टेबलाच्या उजव्या कडेला जसंच्या तसं पडून होतं. डोळ्यांवरून इतका आरडाओरडा केला, पण पत्रात काय आहे हे मी विचारलंच नव्हतं, कारण ते माझं नव्हतं.

घरी आलो. बायकोने तिच्या कपाटाचा खालचा खण ओढला आणि टॉवेलांखालून गठ्ठा काढला. अकरा पाकिटं, सगळी बंद. "खिडकीवाली पाकिटं आहेत हे हाताला कळायचं," ती म्हणाली. "मला वाटायचं तुमच्या खात्याचीच काही असतील. कार्ड तर आहेच म्हणून तुम्ही सांगितलेलं. लेक येईल तेव्हा एकदम वाचून घेईन म्हटलं." लेक दूरच्या शहरात असते आणि वर्षातून एकदा येते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी दुसऱ्यांना शंभर वेळा ऐकवली असेल.

"उघडा," ती म्हणाली.

मी पहिलं पाकीट हातात घेतलं. पत्त्यावर तिचं नाव होतं. माझं बोट पाकिटाच्या कडेपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. सांगायला लाज वाटते, पण खरंच थांबलं.

"अहो, मी सांगते आहे ना."

"तू फोड. मी वाचतो."

"धन्य आहे तुमची," असं म्हणून तिने स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि सकाळचं धरून बाराच्या बारा पाकिटं एका दमात फाडली. आतला एकही कागद कापला गेला नाही. मी ती शिक्क्याच्या तारखेप्रमाणे लावली आणि वाचायला बसलो.

पहिलं पत्र फार गोड होतं. आपण लवकरच पासष्ट वर्षांच्या होत आहात, अभिनंदन वगैरे. मग त्यात भाग एक, भाग दोन, वैकल्पिक, पूरक, विहित मुदत असं सुरू झालं. डॉक्टरांच्या अक्षरातले पत्ते लावलेला माणूस मी, पण छापील कागद तीनदा वाचूनही डोक्यात काही शिरेना. मदतीच्या नंबरवर फोन लावला तर एक यंत्र चाळीस मिनिटं मला सांगत राहिलं की माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. शेवटचं रजिस्टर पत्र मात्र सरळ होतं. नोंदणीसाठी सात महिने दिले होते: वाढदिवसाचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन. ते या महिनाअखेर संपत होते. महिना तीस दिवसांचा होता.

"म्हणजे उद्या," बायको म्हणाली.

"उद्या."

"मग आज झोपू या वेळेवर. सकाळी रांग असेल."

तिला दिसत नव्हतं आणि मला सुचत नव्हतं, आणि दोघांत शांत तीच होती. मी उजव्या डोळ्याचाच विचार करत होतो. माझ्या एका व्याख्यानापायी आणि माझ्या एका 'कार्ड आहे'पायी तो डोळा जाणार असेल, तर मी कुणाला तोंड दाखवणार होतो?

कार्यालय उघडायच्या आधी पाऊण तास आम्ही दारात उभे होतो. तरी आमच्यापुढे नऊ माणसं होतीच. आत टोकन, बाकं, दोरीने बांधलेली पेनं, सगळं माझ्या जुन्या ऑफिससारखंच. आमचा नंबर लागला तो चार नंबरच्या खिडकीवर. तिथली बाई पन्नाशीची, खांद्यावर स्वेटर, गळ्यात चष्म्याची साखळी. मी बारा पत्रं तिच्यापुढे मांडली आणि बोलायला लागलो, तर ती म्हणाली, "एक मिनिट काका. नोंदणी कुणाची?"

"माझी," बायको म्हणाली.

"मग तुम्ही सांगा."

बायकोने सांगितलं. मला दिसत नाही, पत्रं वाचता आली नाहीत, नऊ तारखेला ऑपरेशन आहे. चार वाक्यांत. अनोळखी माणसांपुढे, मागे रांग ऐकत असताना, तिने 'मला दिसत नाही' हे इतक्या सहज म्हटलं की मीच इकडेतिकडे बघायला लागलो.

"हे बघा," खिडकीवरची बाई म्हणाली, "हॉस्पिटलात दाखल होऊन राहावं लागलं तर भाग एक. तो काकांच्या नोकरीवरून तुम्हाला आपोआप लागलाय. डॉक्टरची फी, तपासण्या, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी यायची ऑपरेशनं, हे भाग दोन. तो आपोआप नाही लागत, मागावा लागतो आणि त्याचा महिन्याचा हप्ता असतो. मोतीबिंदूला राहावं लागत नाही, म्हणून तुम्हाला हवाय तो दोन."

"आणि तो सुरू कधी होणार?" मी मध्येच घुसलो.

"उद्यापासून. आज आलात म्हणून. उद्या आला असतात तर पुढच्या वर्षीच्या नोंदणीपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि हप्ता जन्मभर चढा."

सुटका झाली की माणूस रडतो म्हणतात, माझं उलट होतं, मी भांडतो. "हे इतकं सोपं आहे, तर बारा पत्रांत एकदा तरी असं लिहायला काय झालं होतं?"

तिने माझ्या गठ्ठ्यातून चौथं पत्र काढून माझ्यापुढे धरलं. त्यात अगदी हेच होतं, मोठ्या अक्षरांत, चित्र काढून. बायकोने विचारलं, "काय हो, आहे का?" मी म्हटलं, "आहे." ती हसली आणि खिडकीवरची बाईही हसली. मग मीही हसलो, जरा उशिराने.

फॉर्म भरून झाला. सहीसाठी त्या बाईने एक काळी जाड पट्टी काढली, मधोमध सहीएवढी फट कापलेली. ती रेघेवर ठेवली की पेन फटीबाहेर जाऊच शकत नाही. छत्तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. आणि मग तिने शेवटचा कागद पुढे केला.

"हा ऐच्छिक आहे. तुमच्या नावाची आमची पत्रं कुणी उघडावीत, तुमच्या वतीने आमच्याशी बोलावं, तुमच्या तब्येतीची माहिती विचारावी, असं कुणी असेल तर नाव द्या. नसेल तर रिकामा ठेवा."

मी माझं ओळखपत्र काढायला खिशात हात घातला. ते काउंटरवर ठेवलं. बायको कागदाच्या कडेवरून बोट फिरवत होती. मागच्या माणसाने घसा खाकरला.

"हे नाव नंतर काढता येतं?" तिने विचारलं.

"केव्हाही. एक फोन केलात तरी."

"आणि यांच्या कागदांवर माझं नाव घालता येईल?"

"त्यांची इच्छा असेल तर."

मग ती माझ्याकडे वळली. "मी तुमचं नाव देते. पण उघडायच्या आधी मला सांगायचं. आणि वाचलंत की सगळं सांगायचं. 'तिला त्रास होईल' असं म्हणून काही गाळायचं नाही, आणि माझ्या वतीने बोलताना मला खिडकीपाशी बसवून ठेवायचं नाही. माझं काम, तुम्ही फक्त डोळे."

"कबूल," मी म्हणालो.

"आणि व्याख्यान द्यायचं नाही."

"ते जरा अवघड आहे."

"मग नाव देत नाही."

"कबूल."

तिने काळ्या पट्टीत सही केली. मीही तसाच एक कागद मागून घेतला आणि त्यावर तिचं नाव घातलं. इतकी वर्षं मी तिची पत्रं उघडली नाहीत याला मी तिचा मान ठेवणं म्हणत होतो. पण पाकीट न उघडता माणसाला विचारता येतंच. तू काय वाचलंस, तुला काय होतंय, हे विचारायला कुठलाच नियम आड येत नव्हता. मीच विचारत नव्हतो, कारण न विचारणं सोयीचं होतं.

पोचपावती छापून यायला वीस मिनिटं होती. आम्ही बाकावर बसलो. मी विचारलं, "तुला नक्की काय काय दिसतं?"

ती सांगायला लागली. खिडक्या दिसतात, पण खिडकीतलं झाड नाही. दिवा दिसतो, त्याभोवती मोठं कडं दिसतं. पायऱ्या चढताना दिसतात, उतरताना नाहीत, म्हणून ती मोजते. घराच्या चौदा, या कार्यालयाच्या सहा. ताटातला भात दिसतो, कारण ताट स्टीलचं नाही, निळं आहे, ते तिनेच बदललं होतं. माणसं चालण्यावरून कळतात. मी मध्ये एकदाही बोललो नाही. माझ्यासाठी हा विक्रम आहे.

"आणि मी?" मी शेवटी विचारलं.

"तुमचं डोकं दिसतं. चेहऱ्याच्या जागी धुकं. पण तुमचा चेहरा मला पाठ आहे हो, त्याला डोळे कशाला हवेत," असं म्हणून तिने गंमतीने माझ्या मिशीला चिमटा काढायला हात पुढे केला. बोटं ओठावर आली आणि घुटमळली. पुन्हा एकदा फिरली.

"मिशी कुठे गेली?"

"काढली."

"कधी?"

"सहा महिने झाले."

चाळीस वर्षांची मिशी मी एका सकाळी काढली होती आणि ती काहीच बोलली नाही म्हणून दोन दिवस फुरंगटून बसलो होतो. तिला आवडली नसेल, किंवा आता माझ्याकडे बघावंसंच वाटत नसेल, काय काय मनात आणलं होतं.

"सांगितलं का नाही मग?" तिने विचारलं.

"तू विचारशील म्हणून थांबलो होतो."

तिने हात काढला नाही. ओठावर, गालावर, हनुवटीवर तिची बोटं सावकाश फिरत राहिली, आणि त्या भरल्या कार्यालयात, टोकनांच्या गलक्यात, माझे डोळे वाहायला लागले. ते तिच्या बोटांना लागलं असणारच.

"राहू दे आता असंच," ती म्हणाली. "नऊ तारखेनंतर एकदा नीट बघते, मग ठरवू."